प्रवाळाची बैठक

१८४६ सालच्या शरद ऋतूत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी मुक्कामास असलेल्या ॲना थिन नावाच्या एका विदुषींनी तेथील खडकांच्या खोबणींत वाढणारे काही मॅड्रेपोर, म्हणजे थंड पाण्यात एकेकटे राहणारे दगडी प्रवाळ, जिवंत स्थितीत लंडनला नेण्याचा निश्चय केला, तेव्हा त्यांना पहिली अडचण आली ती त्या जीवांच्या बैठकीची. खडकापासून सुटलेला प्रवाळ दगडी बरणीतील पाण्यात नुसता सोडून द्यावा, तर प्रवासाच्या हादऱ्यांनी तो बरणीच्या कडेवर आणि आपल्याच भाऊबंदांवर आपटून त्याचे कोवळे अंग ठेचले जाणार, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून त्यांनी एक मोठा स्पंज आणविला आणि सुईदोरा घेऊन, फाटल्या वस्त्राला ठिगळ लावावे त्या निगुतीने, एकेक प्रवाळ त्या स्पंजावर टाचून बसविला. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबेचे एक वरिष्ठ धर्माधिकारी होते, आणि त्या पुरातन वास्तूच्या परिसरातील त्यांच्या निवासस्थानी, समुद्रापासून पुष्कळच दूर, हे प्रवाळ सुखरूप पोहोचले. पुढे ताजे समुद्रजल वेळेवर मिळेना, तेव्हा घरातील दासीने उघड्या खिडकीपाशी उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतावे, जेणेकरून त्यात प्राणवायू मिसळेल, अशी तजवीज बाईंनी केली. ते प्रवाळ नुसते जगलेच नाहीत, तर त्यांची संतती वाढली. आणि त्या प्रजोत्पत्तीचा वृत्तांत फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाच्या साहाय्याने १८५९ साली एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मत्स्यालयाचा इतिहास लिहिणारे बहुधा काचेचा, पंपाचा आणि माशांचा इतिहास लिहितात, आणि ज्या पाषाणावर हा सगळा संसार उभा राहतो त्याची दखल एखाद्या ओळीत घेऊन पुढे सरकतात. माझे मत असे झाले आहे की खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची खरी कथा त्या पाषाणाचीच आहे. दगड आधी शोभेची वस्तू होता, मग आसरा झाला, मग तो स्वतःच जिवंत आहे असा शोध लागला, त्या शोधामुळे समुद्रतळाची लूट सुरू झाली, आणि त्या लुटीला आवर घालण्यासाठी अखेर मनुष्याने घमेले आणि थापी हाती घेऊन तो दगड आपल्या अंगणात घडविण्याची विद्या साध्य केली. या साऱ्या क्रमात विद्यापीठांपेक्षा घरोघरच्या हौशी माणसांचा वाटा मोठा आहे, आणि म्हणूनच त्याची नोंद दप्तरांतून फारशी सापडत नाही.

इंग्लंडात काचेवरील कर १८४५ साली रद्द झाला आणि जी वस्तू केवळ धनिकांच्या तावदानांत दिसे ती मध्यम स्थितीच्या कुटुंबांच्या आटोक्यात आली. पाच वर्षांनी रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचा परस्पराश्रय सिद्ध करणारा निबंध लंडनच्या रसायन-संसदेपुढे मांडला. वनस्पतींनी प्राणवायू द्यावा, माशांनी तो घ्यावा, आणि कुजल्या पानांची विल्हेवाट गोगलगाईंनी लावावी, असा तो व्यवहार होता. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जलचरांचे पहिले सार्वजनिक दालन उघडले, आणि पुढच्याच वर्षी गॉस यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ बाहेर पडताच साऱ्या देशाला समुद्र घरात आणण्याचे वेड लागले. ज्यांना किनारा दूर होता त्यांच्यासाठी गॉस यांनी निरनिराळ्या क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृतीही प्रसिद्ध केली. पण त्यांच्या उपदेशातला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दगडाविषयीचा आहे. सागरी शैवालाला जमिनीवरच्या झाडासारखी मुळे नसतात, ते केवळ बुडाच्या चकतीने खडकाला चिकटलेले असते, आणि तेथून ओरबाडले की लवकरच कुजते. म्हणून शैवाल न उपटता, ते ज्या खडकावर उभे आहे त्या खडकाचाच कपचा हातोडी-छिन्नीने उडवून आणावा, असे त्यांचे सांगणे होते. त्या कपच्यांबरोबर नाना प्रकारचे सूक्ष्म जीव, नळीत राहणारे कृमी आणि बारीक स्पंज घरोघरच्या काचपात्रांत येऊन पोहोचले, आणि ती पात्रे जितकी टिकली तितकी बहुधा त्या कपच्यांच्याच जोरावर टिकली असावीत. परंतु ते श्रेय त्या काळी वनस्पतींच्या पदरी पडले.

या हातोडी-छिन्नीचा परिणाम मात्र फार दारुण झाला. रेल्वेने किनाऱ्यावर जाणे सोपे झालेले, हाती गॉस यांचे पुस्तक, खांद्याला टोपली, अशा हजारो हौशी स्त्री-पुरुषांनी डेव्हनच्या किनाऱ्यावरील खडकांमधली ती नितळ कुंडे दहा-वीस वर्षांत अक्षरशः खरवडून काढली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ साली आपल्या पित्याविषयी जे आत्मचरित्रपर पुस्तक लिहिले, त्यात बालपणी पाहिलेल्या त्या कुंडांचा हा विध्वंस आणि त्याला आपल्या पित्याचे लेखन कारण झाले याची त्या सत्त्वशील वृद्धाला झालेली व्यथा नमूद आहे. निसर्गावरील प्रेमानेच निसर्गाचा नाश व्हावा, ही गोष्ट या इतिहासात येथे प्रथम घडली. दुसऱ्यांदा ती घडली तेव्हा तिचे क्षेत्र डेव्हनचा किनारा नव्हता, तर उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्ती होत्या.

दरम्यान, कृत्रिम दगडाची कला दुसऱ्याच दाराने या घरात शिरली. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटची सनद मिळविली होती, आणि जेम्स पुलहॅम यांच्या घराण्याने विटा-रोड्यांच्या ढिगावर सिमेंटचा लेप देऊन, तो ओला असतानाच हत्याराने व कुंचल्याने त्यावर भेगा, थर आणि झीज उमटवून, खऱ्या खडकाला फसविणारे खडक उद्यानांतून उभारण्याचा धंदा भरभराटीस आणला होता. त्याच सुमारास युरोपच्या राजधान्यांतून भव्य मत्स्यालये उभी राहू लागली. बर्लिनमध्ये आल्फ्रेड ब्रेम यांनी १८६९ साली उघडलेले मत्स्यालय तर एखाद्या पर्वतगुहेसारखे रचलेले होते. प्रेक्षक खडकांच्या बोळांतून चालत जात आणि भिंतीतल्या काचांमधून जलचर पाहत. लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली जे मत्स्यालय झाले त्याचे शिल्पकार विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी मात्र देखाव्याहून पाण्याच्या आरोग्याकडे अधिक लक्ष दिले: प्रेक्षकांच्या दृष्टीआड, जमिनीखाली, काळोख्या हौदांत समुद्रजलाचा मोठा साठा ठेवून तो अहोरात्र खेळविण्याची त्यांची योजना होती. नेपल्समध्ये आंटोन डोर्न यांच्या सागरी जीवशास्त्राच्या केंद्राचे मत्स्यालय १८७४ साली लोकांना खुले झाले. या सर्व ठिकाणी दगड हा रंगभूमीवरच्या पडद्यासारखा मागे उभा होता. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा होती की तो सुंदर दिसावा आणि पाण्यात विष सोडू नये. आणि ही दुसरी अपेक्षा पुरी करणे सोपे नव्हते, कारण ताज्या सिमेंटातून चुना झिरपतो आणि तो जलचरांच्या कल्ल्यांना भाजून काढतो. नव्या टाक्या पाण्याने भरून आठवडेच्या आठवडे तशाच मुरत ठेवाव्यात, पाणी बदलत राहावे आणि मगच प्राणी सोडावेत, हा त्या काळच्या जाणत्या माणसांचा दंडक होता.

विसाव्या शतकाच्या मध्याला उष्ण कटिबंधातील रंगीत सागरी मासे घरात पाळण्याची हौस अमेरिकेत रुजली, आणि १९६४ साली तयार क्षारमिश्रणाची पाकिटे बाजारात आल्यावर समुद्रापासून हजार मैलांवरच्या गावांतही ती परवडू लागली. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना समुद्राच्या पोटातील सृष्टीचे प्रथम दर्शन घडविले. मुंबई पाहायला आलेल्या गावाकडच्या पाहुण्यांना राणीच्या बागेप्रमाणेच तारापोरवाला दाखविणे हा तेव्हाचा गृहस्थधर्म होता. या काळातील घरगुती खाऱ्या टाकीत माशांच्या पाठीमागे जे दिसे ते प्रवाळ नसून प्रवाळाचा सांगाडा असे. समुद्रातून जिवंत उपटलेला प्रवाळ उन्हात सडवून, विरंजक द्रावणात बुडवून, पांढराशुभ्र करून विकला जाई. रामेश्वर-कन्याकुमारीच्या यात्रेहून परतताना शंखशिंपल्यांबरोबर असा एखादा शुभ्र गुच्छ आणून दर्शनी कपाटात ठेवण्याची रीत आपल्याही घरांत होती. टाकीत ठेवलेला हा सांगाडा थोड्याच दिवसांत हिरवट-तपकिरी शेवाळाने माखे, मग तो बाहेर काढून पुन्हा घासूनपुसून पांढरा करण्यात येई, आणि या स्वच्छतेच्या नादात टाकीतले पाणी स्वच्छ ठेवणारे जे अदृश्य सेवक त्या शेवाळाच्या आडोशाने येऊन वसलेले असत, त्यांचा दर खेपेस समूळ उच्छेद होई. जिवंत प्रवाळ बंदिस्त पात्रात जगणे अशक्य, असा समज तेव्हा सार्वत्रिक होता. याला एक अपवाद पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर होता: तेथे नूमेआ येथे रेने काताला यांनी १९५६ साली उघडलेल्या मत्स्यालयात शेजारच्या समुद्राचे ताजे पाणी अखंड वाहते ठेवून जिवंत प्रवाळ राखले होते, आणि अतिनील प्रकाशात ते प्रवाळ रंगीत तेजाने उजळतात हा शोधही तेथेच लागला. परंतु ज्याच्या दाराशी समुद्र नाही त्याला या उदाहरणाचा उपयोग नव्हता.

तो उपयोग जकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थाने करून दिला. १९६१ साली एका अमेरिकन मासिकात त्यांनी आपल्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि तिला निसर्गाची पद्धती असेच नाव दिले. समुद्रातून उचललेले, सच्छिद्र, जीवांनी गजबजलेले चुनखडीचे खडक टाकीत रचायचे, समुद्राचेच पाणी भरायचे, उजेड द्यायचा आणि हवेचे बारीक बुडबुडे सोडायचे, यापलीकडे त्यांच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते. आणि त्यांचे प्रवाळ व समुद्रफुले जगत होती. हा दगड करतो काय, याचा उलगडा झाला तो असा. मासे आणि अन्नाचे कण यांपासून पाण्यात अमोनिया उत्पन्न होतो, आणि तो विषारी असतो. खडकाच्या पृष्ठभागावर, जेथे प्राणवायू भरपूर मिळतो, तेथे वसणारे जीवाणू त्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट असे रूपांतर करतात. आणि खडकाच्या अंतर्भागात, जेथे पाणी मंदगतीने झिरपते व प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो, तेथे दुसऱ्या जातीचे जीवाणू त्या नायट्रेटमधील प्राणवायू वापरून उरलेला नायट्रोजन वायुरूपाने सोडून देतात, आणि तो बुडबुड्यांच्या वाटेने हवेत मिसळून जातो. दगडाची सच्छिद्रता हीच त्याची खरी संपत्ती, कारण भरीव दगडाला बाहेरची बाजू असते पण आत शिरायला वाट नसते. ज्या दगडाला आजवर देखाव्याची किंमत दिली गेली होती तो त्या छोट्या समुद्राचे यकृत आणि मूत्रपिंड होता, ही गोष्ट एका हौशी माणसाने, आपल्या घरच्या टाकीच्या साक्षीने, जगापुढे ठेवली.

ली चिन एंग यांचे म्हणणे सर्वत्र पटायला वीस-पंचवीस वर्षे लागली, कारण अमेरिकन हौशी मंडळींचा भरवसा तोवर गाळण्यांवर आणि यंत्रांवर होता. जर्मनीत मात्र त्याचे बीज चांगले रुजले. बर्लिनमधील हौशी लोकांनी, ज्यांत डिट्रिख श्ट्यूबर यांचे नाव अग्रभागी आहे, जिवंत खडक, तीव्र प्रकाश आणि फेसाच्या द्वारे पाण्यातील मळ काढणारे उपकरण एवढ्यावर टाकी चालविण्याची पद्धती सिद्ध केली. पेटर विल्केन्स यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात सांगितले की प्रवाळ आपला सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातील चुन्याचा अंश सतत शोषून घेत असतो आणि ती तूट चुन्याच्या निवळीने भरून काढावी. आपल्याकडे ज्या निवळीचे दोन थेंब आजी लहान मुलाला दुधातून देत असे, तीच ही निवळी. तिच्या आधाराने बंदिस्त टाकीतला दगडी प्रवाळ प्रथमच नुसता तग धरून न राहता वाढू लागला, फांद्या फोडू लागला, आणि श्ट्यूबर यांच्या टाकीतील एका प्रवाळाच्या फांद्या खुडून त्या हातोहाती देशोदेशींच्या टाक्यांत पोहोचल्या.

मग मागणी वाढली आणि तिच्याबरोबर लूटही वाढली. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून जिवंत खडक पहारींनी उखडून विकला जाऊ लागला, तेव्हा तेथील संस्थान सरकारने १९८९ साली आपल्या हद्दीतील पाण्यात मनाई हुकूम काढला, आणि त्यापलीकडच्या केंद्रीय हद्दीतील उखडणीही मुदत देऊन १९९७ पर्यंत बंद करण्यात आली. मात्र जमिनीवरच्या खाणीतून काढलेला चुनखडीचा दगड इजाऱ्याने घेतलेल्या समुद्रतळावर नेऊन टाकावा आणि काही वर्षांनी त्यावर जीव वसले की काढून विकावा, अशी मुभा ठेवली. तोवर व्यापाराचा ओघ फिजीकडे वळला होता. तेथला खडक ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून, खोक्यांत भरून विमानाने युरोप-अमेरिकेला जाई. वाटेत त्यावरचे कितीतरी जीव मरत, आणि खोके उघडल्यावर सडलेल्या स्पंजांचा जो उग्र दर्प सुटे तो निघून जाईपर्यंत तो खडक आठवडेच्या आठवडे वेगळ्या पिंपात ठेवावा लागे. धोक्यात आलेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराने १९८५ ते १९९० या काळात सर्व दगडी प्रवाळ आपल्या दुसऱ्या परिशिष्टात घातले, आणि परवान्यावाचून प्रवाळ सरहद्द ओलांडेनासा झाला.

घरी दगड घडविण्याची विद्या या कोंडीतून फोफावली, आणि तिचे एक ठाणे अमेरिकेच्या आयडाहो संस्थानातील बॉइसी या शहरी होते, जेथून समुद्र शेकडो मैल दूर आहे. ‘ॲरॅगोक्रीट’ या नावाने ती तेथून प्रसार पावली. तिची कृती एखाद्या गवंड्याला ऐकविली तर त्यात नवल वाटण्याजोगे फारसे काही नाही. एक भाग सिमेंट, शक्य तर पांढरे. तीन ते पाच भाग शिंपल्यांचा किंवा प्रवाळ-वाळूचा चुरा, आणि आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात मिसळण्यासाठी जो शिंपल्यांचा चुरा पोत्यांनी मिळतो तोही चालतो. एक-दोन भाग जाडे मीठ, मिठागरातून येते तसे ओबडधोबड खड्यांचे. कोरडा माल घमेल्यात नीट कालवून त्यात पाणी घालायचे ते मात्र अगदी हात आखडून, मूठ दाबली असता गोळा वळेल आणि पाणी सुटणार नाही इतकेच. पाणी अधिक झाले की मीठ आधीच विरघळते आणि दगड भरीव होतो. उथळ पेटीत ओलसर वाळू भरून तिच्यात हाताने खळगे करायचे, बोगदे हवे तेथे वाळूचेच उभे-आडवे खांब ठेवायचे, आणि मिश्रण खळग्यांत सोडून ते न ठोकता, न चेपता, वाळूने झाकायचे. अननुभवी माणूस येथे हमखास थापी चालवितो, कारण चांगले बांधकाम म्हणजे ठोकून घट्ट केलेले बांधकाम अशी त्याची समजूत असते. या दगडाचे सारे सामर्थ्य त्याच्या ढिलेपणात आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दगड काढून, ओल्या गोणपाटाखाली ठेवून, स्लॅबला मारतात तसे त्याला पाणी मारीत राहायचे, आणि मग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवायचे. मीठ विरघळून जाते आणि प्रत्येक खड्याच्या जागी एक पोकळी राहते. पिंपातील पाणी पहिल्या दिवसांत बोटांना बुळबुळीत लागते; तो सिमेंटातून सुटणारा चुना असतो आणि त्या पाण्याचा सामू बाराच्याही वर जातो, जेथे समुद्राचे पाणी आठाच्या किंचित वर असते. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलीत सहा-आठ आठवडे लोटले, दोन दिवस साचलेल्या पाण्यातही सामू चढेनासा झाला, म्हणजे तो दगड टाकीत जाण्यास लायक ठरतो. त्यानंतर त्याच्याशेजारी जिवंत खडकाचा एखादा लहान तुकडा ठेवला की काही महिन्यांत जीवाणू, जांभळट चुनखडी शैवाल आणि बारीक कृमी त्यावर वस्ती करतात.

त्या मोठ्या दगडांबरोबर लहान बैठकाही घडू लागल्या. बिस्किटाएवढी चकती, खालून बोटभर दांडा, वरचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवलेला. दांडा मोठ्या दगडाच्या छिद्रात रोवला की चकती हलत नाही. तिच्यावर प्रवाळाची दोन-तीन सेंटिमीटरांची फांदी, हाडे कापण्याच्या चिमट्याने छाटलेली, बसवायची असते, आणि येथे एका युद्धकालीन शोधाने उपकार केला. १९४२ साली हॅरी कूव्हर हे अमेरिकन रसायनज्ञ बंदुकीच्या नेमपट्टीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत असता त्यांच्या हाती सायनोॲक्रिलेट नावाचे जे द्रव्य आले ते ज्याला त्याला चिकटू लागले म्हणून बाजूला टाकण्यात आले. १९५८ पासून तेच जलद गोंद म्हणून विकले जाऊ लागले. हा गोंद ओलाव्याच्याच संपर्काने घट्ट होतो, म्हणून ओल्या प्रवाळाला तो कामी येतो. मऊ जातीच्या प्रवाळांना मात्र हा गोंद धरत नाही, त्यांच्या अंगावरील बुळबुळीत स्रावाने तो सुटून येतो. त्यांना आजही जाळीच्या कापडाखाली दगडाच्या चुऱ्यावर ठेवून, किंवा सैल दोऱ्याने बांधून, स्वतः होऊन चिकटू द्यावे लागते. थिनबाईंची सुई या कामातून अद्याप हद्दपार झालेली नाही. दगडी प्रवाळाची फांदी नीट बसली तर काही आठवड्यांत तिच्या बुडाशी पातळ, फिकट रंगाची एक कड दिसू लागते, ती चकतीवर पसरते, काठावरून खाली उतरते, आणि गोंद व सिमेंट दोन्ही तिच्याखाली झाकले जातात. इंडोनेशियाच्या किनारी खेड्यांतून याच तत्त्वावर सिमेंटच्या चकत्यांवर प्रवाळाची लागवड करून, उथळ समुद्रात मांडलेल्या मेजांवर ती वाढवून, परदेशी पाठविण्याचा व्यवसाय उभा राहिला. पूर्वी भित्ती फोडून उपजीविका करणाऱ्या कित्येकांना त्यात काम मिळाले.

आपल्या देशात या विद्येला आणखी एक अर्थ आहे. २००१ साली केंद्र सरकारने भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ, काळा प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसविले. तेव्हापासून किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलणे किंवा विकणे हा गुन्हा आहे, आणि खाऱ्या टाकीची हौस असलेल्या भारतीय माणसाने सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याकडे वळावे हे कायद्याच्याही दृष्टीने उचित ठरते. हा अंमल येण्यापूर्वी काय चालत असे, हे आठवणे क्लेशदायक आहे. शिंपले भाजून चुना करण्याची चाल कोकणात जुनी असली, तरी १६६४ साली ज्याचे बांधकाम सुरू झाले त्या सिंधुदुर्गाच्या भोवतालच्या पाण्यात आजही प्रवाळ नांदत आहेत. तो समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य म्हणून राखीव आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारी आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमीही, किनाऱ्यापासून शंभरावर किलोमीटर आत असल्यामुळे, बऱ्याच अंशी सुरक्षित राहिली. कच्छच्या आखातात आणि तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात तसे झाले नाही. कच्छच्या आखातातील भित्तींवरची प्रवाळ-वाळू यंत्रांनी उपसून सिमेंटच्या कारखान्यांना पुरविण्यात येई. मन्नारच्या आखातात तुतिकोरीनच्या आसपास प्रवाळाचे दगड होड्या भरभरून चुन्याच्या भट्ट्यांसाठी, घरांच्या भिंतींसाठी आणि कार्बाइडच्या उद्योगासाठी वर्षानुवर्षे काढले गेले. त्या आखातातील एकवीस बेटांपैकी दोन बेटे पाण्याखाली गेली, आणि त्याला ही उखडणी एक मोठे कारण झाली, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. ज्या वस्तूची आज आपण प्रवाळासाठी बैठक करतो, ती सिमेंटची पिशवी भरण्यासाठी एकेकाळी प्रवाळच भाजला गेला आहे, ही जाणीव हा दगड कालविताना मनात असावी असे मला वाटते.

त्या आखातात आता उलट दिशेचे काम चालू आहे. तुतिकोरीनच्या सागरी संशोधकांनी चालू शतकाच्या आरंभापासून सिमेंटच्या चौकटी समुद्रतळावर मांडून त्यांवर प्रवाळाच्या फांद्या दोऱ्यांनी बांधण्याचा प्रयोग चालविला आहे. झिजत चाललेल्या वान बेटाच्या सभोवती २०१५ नंतर सिमेंटचे सच्छिद्र, त्रिकोणी आणि समलंब आकाराचे मोठाले ठोकळे पाण्यात उतरविण्यात आले, ज्यांनी लाटांचा जोर मोडावा आणि माशांना व प्रवाळाला आसराही द्यावा. त्यांना छिद्रे ठेवण्याचे कारण घरच्या दगडात मीठ घालण्याच्या कारणाहून फारसे निराळे नाही: पाणी आरपार खेळले पाहिजे, आणि तरंगत आलेल्या प्रवाळाच्या अळीला टेकायला सावलीची, खरबरीत जागा सापडली पाहिजे. या ठोकळ्यांभोवती मासे जमले, आणि काहींवर, कोणी हाताने न लावता, प्रवाळाची नवी रोपे येऊन बसली आहेत.